टेकडीवरचं लाकूड

तिला सगळे भुसाताई म्हणत, आणि पाठीमागे नाही, अगदी तोंडावर. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असली तरी बेकरीवाला तिला पाहून ओरडायचा, "या भुसाताई, तुमच्या जळणाने आज पाव करपवला बघा!" ती म्हणायची, "जळण माझं, लक्ष तुमचं. पाव कोणी करपवला ते तुम्हीच ठरवा." तिच्या केसांत, भुवयांत, चष्म्याच्या काड्यांवर पिवळट भुकटी कायम असायची. आरशासमोर उभं राहून ती झटकणं तिने कधीच सोडून दिलं होतं.

वस्ती नदीकाठची आणि लाकडावर जगणारी. नदीच्या वळणावर सॉ मिल, पलीकडे कागदाचा कारखाना आणि दोहोंच्या मधे भुशाचा ढीग. मिलमधून निघणारा भुसा आणि झाडांच्या साली कोणालाच नको असत, म्हणून त्या काठावर नेऊन ओतायच्या. ओला भुसा आतल्या आत तापतो, धुमसतो आणि एकदा पेटला की महिनोन्‌महिने धूर ओकत राहतो. भुसाताई लहान होती तेव्हा वाळत घातलेल्या कपड्यांना त्या धुराचा वास यायचा, उशीला यायचा, शाळेच्या दप्तरालाही यायचा.

तिचे बाबा त्या मिलमध्ये आऱ्यावर होते. जन्मभर करवतीपाशी उभं राहून त्यांचे कान गेले. घरात ते ओरडून बोलत आणि समोरच्यानेही ओरडूनच बोलावं लागे, त्यामुळे त्या घरातली कुठलीच गोष्ट शेजाऱ्यांपासून लपून राहत नसे. आई प्लायवुडच्या कारखान्यात प्रेसवर कामाला. लाकडाचे पापुद्रे चिकटवायला तिथे जो गोंद वापरत त्याची गरम वाफ डोळ्यांना मिरचीसारखी झोंबायची. घरी आल्यावर आई आधी डोळ्यांवर ओलं फडकं घेऊन पडायची, मग चुलीकडे वळायची. पुढे तिला खोकला जडला. त्यात ती खंगत गेली, आणि भुसाताई रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना गेली. डॉक्टरांनी त्या गोंदाचं नाव काढलं नाही. कारखान्याने तर नाहीच नाही. मुलीने मात्र ते नाव मनात पक्कं धरून ठेवलं.

शिक्षण संपल्यावर ती शहरात एका गोंदाच्याच कंपनीत नोकरीला लागली. तिथे तिला एक गोष्ट कळली आणि ती तिच्या डोक्यातून हलेना. झाडाला उभं धरून ठेवणारा गोंद झाडातच असतो. त्याला लिग्निन म्हणतात. कागद करताना तो लाकडातून काढून टाकावा लागतो, आणि काळ्या पाण्याबरोबर तो वाहून जातो. शिवाय झाडाच्या सालीत एक तुरट अर्क असतो, कातडं कमावायला वापरतात तो. ही दोन्ही द्रव्यं तिच्या गावात नदीकाठी फुकट जात होती. त्यांचा मिळून गोंद झाला, तर त्या गोंदात भुसा कालवून फळ्या करता येतील. उरलेला भुसा दाबून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या केल्या, तर ते जळण होईल. डोळ्यांना झोंबणारं काही नाही, नदीकाठी धुमसणारं काही नाही.

नोकरी सोडून ती गावी परतली तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. लग्नाचं वय निघून चाललंय आणि पोरगी भुसा गोळा करते म्हणजे काय! धाकटा भाऊ तेवढा म्हणाला, "ताई, तुला पोती भरायला माणूस लागेल. मी रिकामाच आहे."

जागा दिली काकूंनी. काकू म्हणजे सॉ मिलची मालकीण. नवरा गेल्यावर दीर-जाऊबाईंनी मिल विकायचा घाट घातला होता. काकूंनी सगळ्यांना दारातून परत पाठवलं आणि स्वतः गल्ल्यावर बसल्या. अंगाने किरकोळ, आवाजाने मात्र तिन्ही आऱ्यांना भारी. भुसाताईचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातलं मला अर्धं कळलं नाही. नदीवरचा धूर बंद होईल का, तेवढं सांग."

"होईल."

"मग मागची शेड घे. साप निघतात, काठी ठेव जवळ."

त्या शेडमध्ये भुसाताईने जिवाचं रान केलं. फळ्या व्हायच्या, छान दिसायच्या, आणि पाण्याचा थेंब पडला की भिजलेल्या पावासारख्या फुगायच्या. काही प्रेसमधून काढतानाच दुभंगायच्या. मिलमधली माणसं जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम शेडपाशी येऊन विचारायची, "आज फुगली की फुटली?" ती सांगायची, "आज दोन्ही." काकू कधी काही विचारत नसत. दुपारी चहा पाठवत, आणि कपाबरोबर निरोप असे: चहा तरी फुगू देऊ नकोस.

शेवटी जमलं. काळ्या पाण्यातून काढलेला लिग्निन आणखी बारीक दळला, सालीचा अर्क दाट आटवला, प्रेसचा ताप वाढवला, आणि एका सकाळी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलेली फळी तिने बाहेर काढली तर ती होती तशीच होती. भुसाताई ती फळी घेऊन मिलभर हिंडली. आवाज न ऐकू येणाऱ्या बाबांनी फळीवर बोटाने टकटक केली, कानाला लावली, आणि गंभीरपणे म्हणाले, "हिचा आवाज चांगला आहे."

पुढची काही वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. बेकरीत कांड्या जाऊ लागल्या, मग इस्पितळाच्या बॉयलरला. काठावरचा ढीग उतरत गेला, एक दिवस जमीन दिसली आणि तिथे कोणीतरी म्हशी बांधल्या. शेडचा कारखाना झाला. प्रेसवर बायका कामाला आल्या. प्लायवुडचा कारखाना सोडून आलेल्या निम्म्या तरी. त्या उघड्या डोळ्यांनी, गप्पा मारत काम करायच्या. भुसाताई कधीकधी नुसतीच त्यांच्याकडे बघत उभी राहायची आणि त्या तिची टिंगल करायच्या, "ताई, आमचे चेहरे पण तपासायला नेणार का?" प्रत्येक फळीच्या मागे शिक्का उठायचा: टाकाऊ लाकडापासून, एकही झाड न तोडता. हे वाक्य तिचंच. छापखान्यात उभं राहून तिने ते स्वतः सांगितलं होतं.

मग मोठी गिऱ्हाइकी आली. शहरातल्या एका फर्निचर कंपनीचा खरेदी अधिकारी आला. अतिशय नम्र माणूस, बूट काढू का म्हणून कारखान्याच्या दारात विचारणारा. त्याने शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "लोकांना आता हेच हवंय." कंपनीला जेवढ्या फळ्या हव्या होत्या तेवढ्या एका पाळीत होणं शक्यच नव्हतं. काकूंनी दुसरी पाळी सुरू केली, मोठा प्रेस आणला. धाकट्याला कारखान्याचा ट्रक मिळाला. त्याचं लग्न झालं, घरात भावजय आली. बाबा सगळ्यांना ओरडून सांगत, "माझ्या पोरीने पोराला मार्गाला लावलं!"

बदल भुसाताईच्या लक्षात आला तो फळ्या चांगल्या व्हायला लागल्या म्हणून.

आलेल्या भुशाचा चिमूटभर नमुना भट्टीत जाळून मागे राख किती उरते ते ती रोज बघायची. गोळा केलेल्या भुशात माती असते, सालींचा चुरा असतो, त्यामुळे राख बरीच उरते. ती हळूहळू कमी होत गेली. फळ्यांचा रंग उजळ झाला. कांड्या काळपट होत्या त्या सोनेरी दिसू लागल्या. पहिल्यांदा तिला आनंदच झाला. नवी चाळणी बसवली होती, त्याचं श्रेय तिने चाळणीला दिलं. पण वाळवणीच्या यंत्राला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत होता, आणि ढिगापाशी गेलं की ओल्या, ताज्या लाकडाचा गोडसर वास यायचा. एकदा ढिगात हात घातला तर बोटांना काहीतरी मऊ लागलं. कोवळी पालवी होती, देठासकट, अजून हिरवी.

भुसा करवतीतून येतो. करवतीपर्यंत पालवी पोचत नाही.

तिने धाकट्याला विचारलं. तो ट्रकच्या चाकातली हवा बघत होता, बघतच राहिला.

"ताई, तू आतलं बघ. बाहेरचं मी बघतो."

"उद्या मी तुझ्याबरोबर येते."

"धूळ असते फार."

"माझं नाव काय आहे?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसली. गावामागे तलावाला वळसा घालून ट्रक टेकडीवर चढला. ती टेकडी काही घनदाट जंगल नव्हती. सगळ्या प्रकारची झाडं होती, काही कोणी लावलेली, बरीचशी आपोआप आलेली. माणसं सरपणाला जायची, शाळेच्या सहली यायच्या. आता एक अख्खी बाजू भादरल्यासारखी झाली होती. मधोमध एक यंत्र उभं होतं. दोघं जण झाड ओढत आणायचे, बुंध्याकडून त्याच्या तोंडात द्यायचे, आणि यंत्र ते पानांफांद्यांसकट आत ओढून घ्यायचं. दुसरीकडून ढलप्यांचा फवारा ट्रकमध्ये पडायचा. झाड संपायला फार वेळ लागत नव्हता. भुसाताई आऱ्यावरच्या माणसाची मुलगी. झाड पडताना तिने लहानपणापासून पाहिलं होतं. पण पडलेल्या झाडाचा ओंडका होतो, फळी होते, माप होतं, काहीतरी दिसत राहतं. इथे काहीच उरत नव्हतं.

ठेकेदार पुढे आला. ओळख पटल्यावर तर फारच खूश झाला. "तुम्हीच का त्या ताई! बघा, सगळी वाकडीतिकडी, किडकी झाडं काढतोय आम्ही. सुताराच्या उपयोगाची नाहीत. कचराच म्हणायचा."

तिने शेजारी पडलेल्या बुंध्याकडे बोट केलं. तो दोन हातांच्या कवेत मावला नसता, आणि सरळ होता.

"हा कुठे वाकडा आहे?"

ठेकेदाराने मान तिरकी करून पाहिलं. "इकडून वाकडा वाटतो," तो म्हणाला आणि हसला.

परत येताना धाकटा बोलला. "कापायची परवानगी आहे त्यांच्याकडे, मी विचारलंय. चोरीचं काही नाही ताई."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

ती लगेच काकूंकडे गेली असं नाही. आठवडे गेले. ती रोज कारखान्यात यायची, नमुने जाळायची, फळीच्या मागचा शिक्का दिसू नये म्हणून फळ्या ती बाजू खाली करून रचायची. प्रेसवरच्या बायकांपैकी कोणी मुलाच्या शाळेचं सांगायची, कोणी नव्या छपराचं. ढलप्या थांबल्या तर दुसरी पाळी थांबणार, हे तिला लहान मुलालाही कळेल इतकं स्पष्ट दिसत होतं. आणि मग या बायका कुठे जाणार, तेही. जेवण जाईना. बाबांनी एकदा ताटावरूनच गर्जना केली, "काय झालंय? पोट बिघडलंय की डोकं?"

तिने सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे स्वयंपाकघरात भावजयीनेही ऐकलं आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांनीही.

बाबांनी बोटाने ताटाची कड पुसली. "मी आयुष्यभर झाडं कापली," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू बोलले. "कापली म्हणून कापली म्हणायचो. कोणी शिव्या दिल्या, त्याही खाल्ल्या. तुम्ही कापता आणि वर छापता, कापलं नाही म्हणून. हे मला नाही पटत."

मग ते म्हणाले, "पण धाकट्याचा ट्रक आहे त्यात. ते काय करायचं, मला विचारू नकोस."

ती काकूंकडे गेली. काकू गल्ल्यावर चष्मा पुसत बसल्या होत्या.

"काकू, मी टेकडीवर जाऊन आले."

"कळलं मला. ठेकेदाराने फोन केला होता. तुझं फार कौतुक करत होता."

"ते थांबवा. नाहीतर निदान शिक्का तरी काढा."

"शिक्का काढला तर ती कंपनी आपल्याकडे कशाला येईल? फळ्या काय जगात दुसरीकडे होत नाहीत?"

"मग कमी फळ्या करू. भुसा आहे तेवढ्या."

काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तू आलीस तेव्हा तुझ्याकडे काय होतं? फुगलेल्या फळ्या. मी एकदा तरी विचारलं का, अजून किती फुगवणार म्हणून?"

"नाही विचारलंत."

"मग आज तू मला विचारू नकोस. दोन पाळ्यांची माणसं माझ्या तोंडाकडे बघतात. त्यांना काय सांगू, भुसा संपला?"

"हो," भुसाताई म्हणाली. "तेच सांगा. खरं आहे ते."

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या दमलेल्या दिसल्या. "जा," त्या म्हणाल्या. "प्रेस थंड होतोय."

खरेदी अधिकारी पुढच्या खेपेला आला तो दोन पाहुण्यांना घेऊन. त्यांना कारखाना दाखवायचा होता. काकू नवी साडी नेसून पुढे चालत होत्या. बायकांनी प्रेस धुऊनपुसून लख्ख केले होते. भुसाताईने ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. आदल्या दिवशी धाकट्याला तिने तसा शब्दच दिला होता. पण अधिकाऱ्याने एक फळी उचलून पाहुण्यांसमोर धरली, शिक्का मोठ्याने वाचला आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "ही कल्पना यांची. सांगा ना, तुमच्याच तोंडून ऐकू दे यांना."

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. तिला काकू दिसत होत्या, दारात ट्रकला टेकून उभा असलेला भाऊ दिसत होता.

"पूर्वी ते खरं होतं," ती म्हणाली. "आता निम्म्याहून जास्त लाकूड टेकडीवरच्या उभ्या झाडांचं आहे. माझ्या चाचण्यांत दिसतं, आणि मी डोळ्यांनीही पाहिलंय. हा शिक्का आता या फळीवर चालत नाही."

कोणीतरी प्रेस बंद केला. त्या अचानक शांततेत वाळवणीच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अधिकाऱ्याने फळी जपून खाली ठेवली, जणू ती काचेची होती. नंतर गाडीत बसण्याआधी तो तिच्याजवळ आला. त्याचा नम्रपणा तसाच होता.

"बाई, हे तुम्ही मला एकट्याला सांगितलं असतंत तर मी ऐकलं नाही असं केलं असतं. सगळ्यांचंच भलं झालं असतं."

कंपनी गेली. झाडांचं वाईट वाटून गेली नाही. बोभाटा झाला म्हणून गेली. पुढे कळलं की दूरच्या एका दुसऱ्या कारखान्यातून ती तशाच फळ्या घेते, तसाच शिक्का मारून. काकूंनी टेकडीचा ठेका सोडला, दुसरी पाळी बंद केली, मोठा प्रेस विकला. ज्यांचं काम गेलं त्यातल्या काही बायका पुन्हा प्लायवुडच्या कारखान्यात गेल्या. भुसाताईला हे बाजारात कळलं. सांगणारीने मुद्दाम सगळ्यांसमोर सांगितलं.

घरात धाकटा तिच्याशी बोलेना. एकाच पंगतीला बसून तो बाबांना म्हणायचा, "बाबा, तिला सांगा मीठ दे." बाबांना ऐकू जायचं "पीठ", ते भावजयीला पीठ आणायला पाठवायचे, आणि कोणीच हसायचं नाही. एके दिवशी बाबांनी हातातला पेला आपटला. "माझे कान गेलेत, तुमची तोंडं गेली नाहीत! बोला की आपसात!"

मग धाकटा बोलला. "तू शब्द दिला होतास."

"दिला होता."

"तुझी टेकडी वाचली. छान झालं. मी त्या लांबच्या कारखान्यात ट्रकवर लागलोय. तिथे अख्खे ओंडके वाहायचेत, ह्याहून जाड. म्हणजे तू काय वाचवलंस ते मला नीट समजावून सांग एकदा."

ती एवढंच म्हणाली, "तिथल्या फळीवर काय छापतात ते माझ्या हातात नाही. इथल्या फळीवरचं माझं वाक्य होतं."

तो उठून हात धुवायला गेला. महिनाअखेर बायकोला घेऊन गावातून गेला. सणावाराला नाही, बाबांना ताप आला की फोन करतो. फोन बाबांच्या कानाला काही उपयोगाचा नाही, म्हणून तिला घ्यावा लागतो. औषधांबद्दल बोलतात दोघं. दुसरं काही नाही.

कारखाना आहे अजून. एक पाळी, एक जुना प्रेस. काकू येतात, हिशेब बघतात, कामापुरतं बोलतात. चहा येतो, पण त्याच्याबरोबर निरोप येत नाही. बेकरीला आणि इस्पितळाला कांड्या जातात. आणि आता एक नवीच पंचाईत उभी राहिली आहे. सॉ मिलमध्येच लाकूड कमी येतं. लोक दारं-खिडक्या लोखंडाच्या करतात, प्लास्टिकच्या करतात. तीन आऱ्यांपैकी एकच चालतो. आरा कमी चालला की भुसा कमी. झाडं कापणारा कोणीतरी असेल तोवरच आपण न कापता जगू शकतो, हे भुसाताईला एक दिवस रिकाम्या शेडमध्ये उभी असताना लख्ख दिसलं, आणि ती तिथेच एका पोत्यावर बसून राहिली. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. सांगायला जवळ फारसं कोणी उरलंही नव्हतं.

तरी ती हातपाय गाळून बसली नाही. कारखान्याच्या फाटकावर तिने पाटी लावली: मोडकं लाकडी सामान घेतलं जाईल. खुर्च्यांचे पाय, खोकी, पलंगाच्या पट्ट्या येऊ लागल्या. खिळे उपटायचे, कुजकं बाजूला काढायचं, मगच दळायला टाकायचं. निम्मा दिवस त्यातच जातो.

एका दुपारी दुसऱ्या पाळीतली एक बाई हातगाडीवर जुना दरवाजा घालून आली. ही प्रेसवर सगळ्यांत पुढे उभी असायची, आणि चेहरे तपासायची टिंगल हिनेच केली होती. काम गेल्यापासून ती रस्त्यात भेटली तरी मान वळवून जायची. आताही तिने नमस्कार-चमत्कार केला नाही.

"घराला नवं दार बसवलं. हे घ्या."

भुसाताईने दरवाजावरून हात फिरवला. हिरवा तैलरंग, थरावर थर, ठिकठिकाणी पोपडे आलेला.

"रंग आहे यावर," ती म्हणाली. "जाळला तर विषारी धूर होतो. इस्पितळाच्या बॉयलरला नाही चालणार."

बाईने हातगाडीची मूठ सोडली. "तुमचं नेहमीच काहीतरी नाही चालत," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने.

भुसाताई आत गेली, रंधा आणि दोन फडकी घेऊन आली. एक फडकं तिने स्वतःच्या नाकातोंडावर बांधलं, दुसरं बाईपुढे धरलं.

"रंग काढला तर चालेल. आतलं लाकूड चांगलं आहे."

"मला घरी कामं आहेत."

"माहीत आहे."

बाईने फडकं घेतलं नाही. पण ती गेलीही नाही. भुसाताईने दरवाजा दोन खोक्यांवर आडवा टाकला, हिरव्या पोपड्यांसाठी एक पत्र्याचा डबा खाली सरकवला आणि रंधा मारायला सुरुवात केली. जुना रंग चिवट होता, रंधा अडकत अडकत जात होता. थोड्या वेळाने बाई पुढे आली आणि दरवाजा हलू नये म्हणून तिने दुसरं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"असा नाही," ती म्हणाली. "तिरका धरा."